कारखान्यातली नोकरी सोडून समुपदेशक झालेल्या माणसाकडे भावाला पाठवावं का?

उद्यमनगरची

नमस्कार. प्रश्न घरचा आहे, पण इथं कोल्हापूरची बरीच मंडळी दिसतात म्हणून विचारतेय.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. गेल्या वर्षी बाबा गेले आणि सगळं त्याच्या अंगावर आलं. बाबांच्या नावावरचं कॅश क्रेडिट त्याच्या नावावर करून घेण्यातच सहा महिने गेले. आता रात्री दोन-अडीचपर्यंत जागा असतो. ताट समोर तसंच. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवर याचा मुक्काम असायचा, आता मॅचचं नाव काढलं तरी खेकसतो. मोठ्या मिनतवारीनं एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, याच्या जोडीला बोलणंही व्हायला पाहिजे, समुपदेशकाकडे जा. दोन नावं दिली. एका मॅडमकडे दीड महिना वेळ नाही. दुसरे राजारामपुरीत बसतात. खाली दाताचा दवाखाना, वर हे.

चौकशी केली तर कळलं की हे गृहस्थ २२ वर्षं एका कारखान्यात परचेसला होते. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि हे सुरू केलं. आईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "नटबोल्ट खरेदी करणारा माणूस माझ्या पोराला काय सांगणार? स्वतःचं धड झालं नाही म्हणून दुसऱ्याला शहाणपण शिकवायला बसला असंल." भावाचं वेगळंच. "मला काय याड लागलंय व्हय?" आणि त्याहून मोठी भीती म्हणजे तालमीतल्या पोरांना कळलं तर. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे गंगावेशीत शिंकलं की बिंदू चौकात कळतं.

तर असा मधेच धंदा बदललेला माणूस चालतो का? पहिल्या भेटीत काय विचारावं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कट_वेगळा

ताई, एवढं काय नसतंय. रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायला लावा आणि रविवारी तांबडा-पांढरा. पंधरा दिवसांत गडी ताळ्यावर येतोय का नाही बघा.

गंगावेश_पूल

कट भाऊ, तिचा भाऊ जेवतच नाहीये असं तिनं लिहिलंय. वाचा की जरा.

ताई, माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एकांकडे गेले होते, ते आधी शाळेत शिक्षक. माणूस सज्जन. पण पंचेचाळीस मिनिटांतली पस्तीस तेच बोलायचे. मी सासूबाईंबद्दल सांगायला लागले की "यावर एक उपाय आहे, लिहून घ्या". खरंच वही आणायला सांगितली होती. तिसऱ्या वेळी गृहपाठ झाला नाही म्हणून मी जायचंच टाळलं, पोटात दुखतंय म्हणून घरी कळवलं, अगदी चौथीत असल्यासारखं. नंतर दुसऱ्या एका ताईंकडे गेले. त्या आधी नर्स होत्या, त्यांच्याकडे फरक पडला. म्हणजे आधीचा धंदा कुठला, यावर काही नाही. तो धंदा खोलीच्या बाहेर काढून ठेवता येतो का, ते बघा.

तपासून_बघा

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून थोडं कोरडं लिहिते, राग मानू नका.

आपल्याकडे तीन वेगवेगळ्या लोकांना सरसकट 'डॉक्टर' म्हणतात, तिथं घोटाळा होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले; औषध त्यांनीच द्यायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. या परिषदेला १९९२ च्या कायद्यानं अधिकार मिळालेत, आणि नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी चिडायचं कारण नाही. तिसरे समुपदेशक. या शब्दाला आजवर कुंपणच नव्हतं. आठवडाभराचा कोर्स केलेलाही पाटी लावतो आणि एमए करून चार वर्षं हाताखाली शिकलेलाही तीच पाटी लावतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात, ज्यात फिजिओथेरपीपासून बरेच व्यवसाय एकत्र घेतलेत, समुपदेशकही आलेत. पण तुमच्या गल्लीतली पाटी कुणी येऊन तपासली असेल, या भरवशावर राहू नका.

आणखी एक. दूरशिक्षणातून मानसशास्त्राची पदवी घेणं यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवलंय. त्याआधी केलेल्यांची पदवी खोटी ठरत नाही. पण नोकरी करता करता घरी बसून एमए केलेल्या माणसाला मी एकच विचारेन: समोर माणूस बसवून, कुणाच्या नजरेखाली, किती काम केलंत? पुस्तकं सगळ्यांनी वाचलेली असतात.

कलम_१०१

आईंनी विचारलं तेच माझ्या सासऱ्यांनी मला विचारलं होतं, फक्त त्यांचे शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी समुपदेशक आहे, कोल्हापुरातच. त्याआधी १७ वर्षं एका पतसंस्थेत वसुली अधिकारी होतो. (राजारामपुरीतले ते गृहस्थ मी नव्हे. ओळखतही नाही.)

वसुली म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात कुणी आलेलं नाही त्यांच्यासाठी. हप्ते थकले, नोटिसा गेल्या, की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घ्यायचा. तो हातात आला की जप्तीपर्यंत जाता येतं. पण जप्ती संस्थेलाही नको असते. कुणाचा जुना फ्रीज आणून करायचं काय? त्यामुळं खरं काम दारात उभं राहायचं. सकाळी साडेसातला गाठायचं, माणूस आंघोळ करून बाहेर पडायच्या आत. आधी जामीनदाराकडे जायचं, कारण कर्जदारापेक्षा जामीनदार लवकर घाबरतो. उंबऱ्यापाशी चपला मोजायच्या, म्हणजे "ते गावाला गेल्यात" खरं की खोटं ते कळतं. माझे साहेब सांगायचे, थकबाकीदाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, पाणी प्यालास की वसुली बुडाली. १७ वर्षं मी पाण्याची बाटली गाडीच्या हुकाला अडकवून फिरलो.

मी वाईट माणूस नव्हतो. कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या पोराबाळांसमोर आवाज चढवला नाही. पण मी गल्लीत वळलो की बायका दारं लावून घ्यायच्या, हे मला दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. हे आज लिहितानाही बोटं थांबतात.

ऑगस्ट २०१९. पुराचं तुम्हाला काय सांगायचं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर संस्थेनं आम्हाला नदीकाठच्या गावांत पाठवलं, कुणाचं तारण गेलं, कुणाचं राहिलं, याचे फॉर्म भरायला. करवीर तालुक्यातल्या एका गावात एक जण गोठ्यात फावड्यानं गाळ ओढत होता. चार म्हशींसाठी कर्ज घेतलेलं. मी नाव विचारलं, कर्ज खातं विचारलं, आणि "जनावरं किती गेली?" असं विचारलं. फॉर्मवर तसंच छापलेलं होतं.

त्यानं फावडं भिंतीला लावलं आणि सांगायला लागला. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा दोन म्हशींची दावी सोडली. तिसरीच्या दाव्याची गाठ भिजून फुगली होती, सुटंना. विळा घरात होता आणि घरात पाणी. दातानं ओढून बघितली. एवढं सांगून झालं की तो परत पहिल्यापासून सुरू करायचा. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा. मी तीन वेळा ऐकलं. दुसऱ्यांदा मी मधे बोलायचा प्रयत्न केला, "मग दोन गेल्या म्हणजे," असं. त्याला ऐकूच आलं नाही. तिसऱ्यांदा मी पेन खिशात ठेवलं आणि तिथल्या पालथ्या घमेल्यावर बसलो. तेव्हा तो पहिल्यांदाच गाठीच्या पुढं गेला. चौथीबद्दल बोलला. तिला त्यानं नाव ठेवलं होतं. मग त्याची बायको शेजारच्या घरातनं चहा घेऊन आली, आणि मी तो प्यालो.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, फॉर्म कोरा कसा? मला उत्तर देता आलं नाही. त्या माणसाचं मी काहीही केलं नव्हतं, कर्जही माफ केलं नव्हतं. पण तिथं काहीतरी घडलं होतं आणि त्याला काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. ते शोधायला मी शिकायला लागलो. इग्नूतून एमए मानसशास्त्र, नोकरी सांभाळून, म्हणजे वरच्या मॅडमना ज्याची शंका आहे तेच. त्यांची शंका रास्त आहे. पदवी हातात आली तेव्हा मला मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सवर दहा मार्कांचं उत्तर लिहिता येत होतं आणि समोर रडणाऱ्या माणसासमोर हात कुठं ठेवायचे ते कळत नव्हतं. खरं शिक्षण त्यानंतर झालं. एका अनुभवी बाईंच्या हाताखाली दीड वर्ष. मी घेतलेलं प्रत्येक सत्र त्यांना सांगायचं, सरावाची सत्रं रेकॉर्ड करून ऐकवायची.

पहिल्या रेकॉर्डिंगनंतर बाईंनी कागदावर नुसत्या रेघा मारून माझ्यासमोर ठेवल्या. चाळीस मिनिटांत मी १९ वेळा 'का' विचारलं होतं. का झोपला नाही, का सांगितलं नाही, का गेला नाही. वसुलीतला 'का'. त्याला उत्तर नसतं, सबब असते. माणूस लगेच सबब शोधायला लागतो आणि आपण ती खोडायला. तेव्हापासून मी "मग काय झालं" आणि "तेव्हा तुम्ही कुठं होता" यावर आलोय. अजूनही महिन्यातनं एखादा 'का' तोंडातनं सुटतोच.

दुसरी खोड जास्त महागात पडली. वसुलीचा माणूस तारीख घेतल्याशिवाय दारातनं हलत नाही. "मग कधी भरताय? सोमवारी? सोमवारी येऊ?" मी नवा असताना एक तरुण यायचा, वडिलांशी बोलणं तुटलेलं. तिसऱ्या भेटीच्या शेवटी मी म्हटलं, "मग वडिलांना फोन कधी करताय? रविवारपर्यंत होईल?" तो म्हणाला, "करतो सर." आणि मला आतून गार वाटलं, कारण तो सूर मी हजारदा ऐकला होता. "भरतो साहेब." तोच सूर, तोच मान हलवण्याचा वेग. त्याचा अर्थ एकच असतो, आता तुम्ही निघा. तो पुन्हा आला नाही. मी एक फोन केला, त्यानं उचलला नाही, आणि मी दुसरा केला नाही. दुसरा केला असता तर ती वसुली झाली असती.

पण बघा, तो सूर मला ओळखता आला तो वसुलीमुळंच. जुन्या धंद्यातलं काही टाकायचं आणि काही ठेवायचं, हे ठरवायलाच दोन-तीन वर्षं जातात. कान ठेवला, तोंड बदललं, असं मी घरी गमतीनं म्हणतो. बायको म्हणते, घरात अजून जुनंच तोंड आहे.

आता मी काम कसं करतो. दोन माणसांचं मला जास्त पटलं. आईंना सांगा, दोघंही धंदा बदललेलेच. रॉजर्स कॉलेजात गेला तो शेती शिकायला. मग इतिहास, मग धर्मशिक्षण घ्यायला न्यूयॉर्कला, तेही सोडून मानसशास्त्रात. दुसरा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस, त्याची पहिली पदवी वाणिज्याची, १९३४ ची. मग बरीच वर्षं लेखक व्हायची धडपड. (म्हणून नोकरी सोडणारा प्रत्येक जण रॉजर्स होतो असं नाही. बरेच नुसते बेकार होतात. मीही पहिल्या वर्षी त्यातलाच होतो, घर बायकोच्या पगारावर चाललं.) रॉजर्सकडनं मी ऐकायचं घेतलं: समोरच्याला न तोलता, तो जिथं आहे तिथं जाऊन बसायचं. एलिसची १९५५ पासूनची पद्धत आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून रुजली आहे, ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थांमुळं बऱ्याच मराठी घरांत ती माहीतही आहे. तिचं थोडक्यात असं, की घटना माणसाला जेवढं पाडते त्यापेक्षा त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे सांगतो ते जास्त पाडतं.

माझ्याकडे येणारे निम्मे लोक पैशावरनं आलेले असतात. जुनी ओळख पसरली असावी. पैशाच्या बाबतीत आपल्या भाषेतच एक गंमत आहे. पत. बँकेतली पत आणि गल्लीतली पत, शब्द एकच. एका कारखानदाराला (तपशील बदललेत, आणि त्याला विचारून लिहितोय) तीन हप्ते थकल्यापासून झोप नव्हती. मी ऐकत गेलो तर वाक्य सापडलं: "पत गेली म्हंजे मी गेलो." तीन भेटी मी त्या वाक्याला हात लावला नाही. घाईनं खोडायला गेलं की माणूस ते अजून घट्ट धरतो. चौथ्या भेटीत विचारलं, तुमची पत किती, याचा हिशेब कोण ठेवतं? बँक, म्हणाला. अजून? कामगार. अजून? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "धाकटी. ती मला रोज शाळेत सोडायला लावती." मी म्हटलं, तिच्या वहीत किती हप्ते थकलेत?

त्याच्या खोक्यात टपालानं आलेली अकरा पाकिटं होती, न फोडलेली. मी त्याला ती घेऊन यायला सांगितली आणि माझ्या खोलीत त्यानं एक फोडलं. एकच. त्याचे हात थरथरत होते आणि पाकीट नीट कडेनं न फाटता मधोमध फाटलं. आत थकबाकीची नोटीस. त्या कागदाचा नमुना मला तोंडपाठ! पुढं काय होणार, कुठं म्हणणं मांडायचं, मुदत कशी मागायची, सगळं जिभेवर आलं. गिळलं. त्याला वकिलाकडे जा म्हणून सांगितलं. मी सल्ला दिला असता तर त्याला एक चांगला वसुली अधिकारी मिळाला असता, समुपदेशक गेला असता. पुढच्या आठवड्यात बाकीची दहा त्यानं घरी बसून फोडली. त्यातली चार नुसती पंख्याच्या कंपनीच्या जाहिरातीची निघाली.

गोपनीयतेचं. कोल्हापूर लहान आहे हे खरं. माझ्या दारात एकदा एक बाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्या दारात आला हुता." मी माफी मागितली आणि त्यांना दुसऱ्या मॅडमकडे पाठवलं. तिथं मी बसणं बरोबर नव्हतं, त्यांनी हरकत घेतली नसती तरी. नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी, यांना मी घेत नाही. राजारामपुरीतल्यांनाही विचारा, तुमच्या वर्कशॉपशी त्यांचा परचेसमधला कधी संबंध आला होता का? उद्यमनगरात हे अगदी शक्य आहे. आला असेल तर दुसरीकडे जा, माणूस कितीही चांगला असला तरी.

आणखी विचारायचं ते असं. शिक्षण कुठं झालं हे विचाराच, पण त्याहून महत्त्वाचं, आजही ते आपलं काम कुणाला दाखवतात का? "आता गरज नाही" असं उत्तर आलं तर मी उठून येईन. तुमच्या डॉक्टरांशी बोलणार का, आणि भावाला विचारून बोलणार का? त्यांना झेपणार नाही अशी वेळ आली तर कुठं पाठवतात? "गोळ्या बंद करा, मी बघतो" म्हणाले तर तो शेवटचा दिवस समजा. फी आधी विचारा, त्यात लाजू नका, मी १७ वर्षं लाजलो नाही.

एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. भावाच्या तोंडून "मी नसलो तर बरं होईल" अशा अर्थाचं काहीही निघालं तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन करा, नाहीतर सरळ सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि त्याला थेट विचारा. विचारल्यानं डोक्यात येत नाही. आलेलं असलं तर बाहेर येतं.

तपासून_बघा

१९ 'का' वाचून मी माझी स्वतःची रेकॉर्डिंग काढून ऐकली. सांगत नाही किती निघाले.

पदवीबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तुम्ही 'हाताखाली दीड वर्ष' लिहिलंत तिथं माझी हरकत संपली. ताई, गोपनीयतेबद्दल एक भर: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो रुग्णाचा हक्क म्हणूनच लिहिलाय. भावानं खोलीत काय सांगितलं हे तुम्हाला आणि आईंनाही कळणार नाही. ते आधीच मान्य करून पाठवा, नाहीतर पहिल्या भेटीनंतर जिन्यातच "काय विचारलं रे?" सुरू होतं.

उद्यमनगरची

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं आईला वाचून दाखवलं. म्हशीच्या गाठीपाशी ती उठून आत गेली. बाबांच्या वेळी हॉस्पिटलमधलं ती पण असंच परत परत पहिल्यापासून सांगते. आम्ही दरवेळी म्हणतो, "आई, झालं की आता सांगून." यापुढं नाही म्हणणार.

एकच विचारते. भाऊ यायला तयार झालाय, पण म्हणतो, "येतो, पण बोलणार नाही." मग फी देऊन काय उपयोग?

कलम_१०१

येऊ दे. माझ्याकडे एक गडी पहिल्या दोन भेटी फक्त मोटरसायकलच्या चेनबद्दल बोलला. मी चेनबद्दल ऐकलं. मला आता त्यातलं बरंच कळतं. गप्प बसायलाही जागा लागते आणि ती घरात मिळत नाही, घरात गप्प बसलं की कुणीतरी विचारतं काय झालं. त्याला एवढंच सांगा की बोलायची सक्ती नाही आणि दोन भेटींनंतर नको वाटलं तर नको. माणूस बदलायचा हक्क त्याचा आहे. तुम्ही त्याच्याकडनं तारीख घेऊ नका.

आणि माझ्या खोलीत येणारे बरेच जण गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावतात. त्यात वाईट वाटून घेऊ नका, आणि त्याला हसू पण नका.

कट_वेगळा

ताई, ते आधीचं मी असंच लिहिलं होतं. सॉरी. भावाला म्हणावं, मॅचला यायचं असलं तर सांग, न बोलता बसू.

उद्यमनगरची

तीन आठवड्यांनी लिहितेय. भाऊ तीनदा जाऊन आला. पहिल्या भेटीतच त्या सरांनी स्वतःहून विचारलं म्हणे, "तुमच्या वर्कशॉपकडून मी कधी माल घेतला होता का ते आधी बघू." नव्हता घेतला. कुणाला काम दाखवता, हे मी फोनवर विचारलं तर त्यांनी लगेच सांगितलं, दर पंधरा दिवसांनी पुण्याच्या एका मॅडमना, ऑनलाइन. आत काय बोलतो ते आम्ही विचारलेलं नाही. आईनं एकदा तोंड उघडलं होतं, मी तिला चिमटा काढला. गोळ्या चालू आहेत. झोप अजून अर्धवटच, पण काल रात्री साडेअकराला दिवा बंद झाला.

तालमीतल्या पोरांनी त्याला राजारामपुरीत जिना चढताना बघितलंच. खाली दाताचा दवाखाना असल्यामुळं हा म्हणाला, दाढ दुखतेय. तेव्हापासून रोज कुणीतरी दारात. एकानं लवंगाचं तेल आणून दिलं, दुसऱ्याची आई तुरटीच्या गुळण्या सांगून गेली, आणि परवा तिघं जण मऊ म्हणून खिमट घेऊन आले. हा त्यांच्याबरोबर बसला आणि गाल धरून सगळं खिमट संपवलं.